कोपनहेगनचा कर्बहिशेब : संहत नगररचना व स्थानिक ऊर्जाव्यवस्था यांची एक समीक्षा

शहर संहत वसवावे आणि ऊर्जा शक्यतो स्थानिक पातळीवर निर्माण करावी, म्हणजे कर्ब उत्सर्जन घटते, असे प्रतिपादन नागरी नियोजनाच्या अभ्यासात वारंवार केले जाते. त्याच्या समर्थनार्थ डेन्मार्कच्या राजधानीचा, कोपनहेगनचा, दाखला हटकून दिला जातो. या दाखल्यात सिद्ध काय आणि गृहीत काय, याची फोड करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘फिंगर प्लॅन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९४७ च्या आराखड्याने शहराची वाढ हाताच्या पाच बोटांप्रमाणे उपनगरी रेल्वेमार्गांच्या कडेने योजिली व बोटांमधील जागा हिरव्या पट्ट्यांसाठी राखली. २००७ च्या आराखड्याने मोठी कार्यालये रेल्वेस्थानकापासून साधारणतः ६०० मीटरच्या आत असावीत, असे तत्त्व स्वीकारले. या रचनेचा लाभ केवळ वाहतुकीपुरता मर्यादित नाही. वीजनिर्मितीत वाया जाणारी उष्णता गरम पाण्याच्या नळांतून घरोघरी पोहोचविणे वस्ती दाट असेल तरच परवडते. कारण नळाची लांबी कमी, ग्राहक अधिक आणि वाटेतील उष्णतेची गळती अल्प असते. शहरातील सुमारे ९८ टक्के उष्णतेची गरज अशा सामूहिक पुरवठ्यातून भागते.

तथापि, केवळ दाटीमुळे हे घडले असे मानणे चुकीचे ठरेल. १९७३ च्या तेलसंकटाच्या वेळी डेन्मार्क आपल्या बहुतांश ऊर्जेसाठी आयात तेलावर विसंबून होता. त्या धक्क्यातून १९७९ चा उष्णतापुरवठा कायदा आला. त्याने नगरपालिकांवर उष्णतेच्या नियोजनाची जबाबदारी टाकली. या चौकटीत इमारतींवर जोडणी बंधनकारक करण्याचा अधिकारही त्यांना मिळाला होता. म्हणजेच नगररचनेने शक्यता निर्माण केली. ती फलद्रूप केली कायद्याने.

या प्रयोगाची मर्यादा ‘स्थानिक’ या शब्दाच्या अर्थापाशी स्पष्ट होते. कोळशाच्या जागी आलेल्या लाकडाचा मोठा भाग आयात होतो. प्रचलित हिशेबपद्धतीत लाकूड जाळल्याचे उत्सर्जन ऊर्जाक्षेत्राच्या नावे शून्य धरले जाते. त्याची नोंद वृक्षतोड होणाऱ्या देशाच्या भूवापरात होते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या अमागेर बाके या कचरा-ऊर्जा प्रकल्पासही क्षमतेच्या वापरासाठी परदेशातून कचरा आणावा लागला; आणि त्या कचऱ्यातील प्लास्टिक हे अखेर जीवाश्म इंधनाचेच रूप आहे. नळ स्थानिक, इंधन मात्र परस्थ, असा हा विरोधाभास होय.

२०१२ मध्ये शहराने २०२५ पर्यंत कर्बतटस्थ होण्याचा संकल्प सोडला. त्याची पूर्तता पुढे याच प्रकल्पाच्या धुरातील कर्बवायू वेगळा करण्याच्या यंत्रणेवर येऊन ठेपली. तिला शासकीय अर्थसाह्य न लाभल्याने २०२२ मध्ये हे लक्ष्य सोडून द्यावे लागले. शिवाय, नागरिकांचा विमानप्रवास आणि बाहेरून येणाऱ्या वस्तूंचे उत्पादन यांतील उत्सर्जन त्या तटस्थतेच्या व्याख्येत नव्हतेच.

यावरून कोपनहेगनचे यश खोटे ठरत नाही. मोटारीविना चालणारे जीवन आणि वाया जाणाऱ्या उष्णतेचा वापर ही त्याची खरी कमाई आहे, व ती दीर्घकालीन नियोजनाची आणि कायद्याची आहे. परंतु नगराच्या सीमेवर थांबणारा हिशेब उत्सर्जन कमी झाले की केवळ सीमेपार गेले, हे सांगू शकत नाही. अन्य शहरांनी कोपनहेगनकडून घ्यावयाचे ते नियोजनातील सातत्य; त्याची हिशेबपद्धती नव्हे.