कुंडीतलं रोप आणि मृत्यूचा आकडा

वृद्धाश्रमातल्या लोकांच्या मनःस्थितीवर वाचायला लागलात की एक कुंडी भेटतेच. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांचा १९७६ चा प्रयोग. अमेरिकेत, कनेटिकटमधलं एक नर्सिंग होम. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं, खोली कशी लावायची ते तुम्ही ठरवा. रोप हवं असेल तर निवडा, पाणीही तुम्हीच घाला. सिनेमा कुठल्या दिवशी बघायचा तेही सांगा. दुसऱ्या मजल्यावर रोप हातात दिलं आणि पाणी घालायला नर्स. तीन आठवड्यांनी पहिला मजला जास्त आनंदी आणि जास्त हिंडता-फिरता दिसला. दीड वर्षाने मोजलं तर पहिल्या गटात ४७ पैकी ७ जण गेलेले, दुसऱ्यात ४४ पैकी १३.

‘निर्णय दिला तर मृत्यू निम्मे’ हे वाक्य तिथूनच निघालं आणि अजून फिरतंय. त्यामागची दुरुस्ती मात्र फारशी कुणी सांगत नाही. १९७८ मध्ये लेखिकांनी त्याच नियतकालिकात छापलं, की या फरकाचा झेड-आकडा ३.१४ नसून १.७३ आहे. म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढी तफावत दिसायची शक्यता शंभरात साधारण आठ. शिवाय वाटणी माणसांची नव्हती, मजल्यांची होती. एका मजल्यावरच्या नर्सच जास्त मायाळू असतील तर? दोनच मजल्यांवरून हे कळणार कसं?

तरी मला हा प्रयोग टाकून द्यावासा वाटत नाही, कारण प्रश्न बरोबर आहे. आपण सगळे वापरतो तो बार्थेल निर्देशांक (१९६५, एकूण १०० गुण) अंघोळ स्वतः करता येते का ते विचारतो. ती कधी करायची हे कोण ठरवतं, ते विचारत नाही.

पण या कुंडीशेजारी रिचर्ड शुल्झ यांचं काम वाचायलाच हवं. त्यांच्या १९७६ च्या प्रयोगात कॉलेजची मुलं दोन महिने वृद्धांना भेटायला जात. भेटीची वेळ स्वतः ठरवणारे, किंवा ती निदान आधी माहीत असणारे, जास्त खुशीत होते. मग प्रयोग संपला, मुलं यायची थांबली. शुल्झ आणि बार्बरा हनुसा यांनी पुढची काही वर्षं पाहिलं तेव्हा नेमके हेच दोन गट खालावलेले होते. बाकीचे होते तिथेच होते.

म्हणून ‘आठ आठवड्यांचा उपक्रम, मनःस्थितीत सुधारणा’ असा निबंध हातात आला, की मी आधी नवव्या आठवड्यानंतरची नोंद शोधते. बरेचदा ती केलेलीच नसते.