बोली आणि मुभा : हुसेन यांच्या चित्रांच्या लिलावासंबंधी काही विचार

मराठीत ‘बोली’ या एकाच शब्दाने दोन निराळे व्यवहार दर्शविले जातात. लोकांच्या तोंडची भाषा ती बोली, आणि लिलावात वस्तूसाठी उच्चारलेली किंमत तीही बोलीच. ‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. ‘बोली’ मात्र ‘बोलणे’ या घरच्याच धातूपासून सिद्ध झाली आहे. कलाकृतीला मोठी बोली लागली म्हणजे कलावंताच्या बोलण्यालाही समाजाची मान्यता मिळाली, असा एक समज अलीकडे रूढ होऊ पाहत आहे. पंढरपूर येथे 1915 मध्ये जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांच्या चित्रांच्या संदर्भात तो तपासून पाहणे उचित ठरेल.

2025 या एकाच वर्षातील तीन घटना प्रथम लक्षात घ्याव्यात. जानेवारीत दिल्लीतील एका न्यायालयाने तेथील प्रदर्शनात मांडलेली हुसेन यांची दोन चित्रे जप्त करण्याचा आदेश दिला. मार्चमध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचे 1954 मधील ‘ग्रामयात्रा’ हे तेरा चौकटींचे चित्र सुमारे 1 कोटी 38 लाख डॉलरांस विकले गेले. जूनमध्ये मुंबईत त्यांच्या 25 चित्रांचा लिलाव न्यायालयाच्या अनुमतीने, कर्जवसुलीसाठी झाला. या तिन्ही प्रसंगी चित्रे एक नव्हती, हे खरे. तेव्हा घाईने निष्कर्ष काढणे योग्य नाही. तथापि, चित्र विकण्याचा हक्क आणि चित्र दाखविण्याचा हक्क हे एकमेकांच्या आधाराने उभे नाहीत, एवढे यावरून निश्चित दिसते.

आक्षेपाची भाषा कशी पालटत गेली, हेही पाहण्यासारखे आहे. 1954 मध्ये मुंबईच्या जहांगीर कलादालनातील अकबर पदमसी यांच्या चित्रांवर पोलिसांनी खटला भरला, तेव्हा कळीचा शब्द ‘अश्लील’ हा होता. पदमसी निर्दोष सुटले. ‘अश्लील’ हे चित्राचे विशेषण आहे; म्हणून चित्र पुढे ठेवून त्याची सत्यासत्यता तपासता येते. 1996 नंतर हुसेन यांच्यावर जी फिर्यादींची रांग लागली, तिच्यात हा शब्द होताच. पण त्याच्या जोडीला ‘भावना दुखावणे’ हा प्रयोग आला आणि हळूहळू तोच प्रमुख झाला. सत्तरच्या दशकातील सरस्वतीचे रेखाचित्र वीसेक वर्षांनी वादाचा विषय झाले, ते याच वळणावर. या प्रयोगात विधेय चित्राविषयी नसून पाहणाऱ्याविषयी आहे. चित्र काय आहे याची चिकित्सा करता येते. कोणाला काय वाटले याची चिकित्सा करणे दुर्घट असते. पूर्वी फिर्यादी बहुधा सरकार असे. आता कोणताही समूह फिर्यादी होऊ शकतो. मतस्वातंत्र्याविषयीच्या राजकीय वृत्तीतील बदल या वाक्यरचनेत स्पष्टपणे उमटलेला आहे.

लिलावाचे अंग याच प्रकरणात एका विलक्षण रीतीने येते. हुसेन यांनी एक चित्र 2004 मध्ये नावाविना एका खाजगी संग्राहकास विकले. 2006 मध्ये काश्मीरच्या भूकंपग्रस्तांच्या साहाय्यार्थ योजलेल्या लिलावाच्या जाहिरातीत ते ‘भारतमाता’ या नावाने प्रसिद्ध झाले. त्या नावाशी व त्या लिलावाशी आपला संबंध नाही, असे चित्रकाराचे न्यायालयातील म्हणणे होते. म्हणजे बाजाराने चित्राला नाव दिले आणि त्या नावाचे प्रायश्चित्त चित्रकाराकडे आले. 8 मे 2008 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ही कारवाई रद्द केली. परंतु हुसेन तोवर देशाबाहेर गेले होते; 2010 मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि 2011 मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले.

येथे नेवासे तालुक्यातील घोडेगावच्या बाजाराशी तुलना करणे अप्रस्तुत ठरू नये. तेथे कांद्याचा लिलाव होतो तेव्हा शेतकरी आपल्या मालापाशी उभा असतो. भाव पटला नाही तर तो ‘नाही’ म्हणू शकतो. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, त्या वेळी नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी लिलावच बंद पाडले. बोली थांबविणे हेच त्यांचे बोलणे झाले. उंची चित्रांच्या फेरविक्रीत कर्ता हजर नसतो. बहुधा तो हयातही नसतो. तेथे त्याच्या वतीने बोलणारा कोणी नाही, आणि बोली मात्र चढत जाते.

अर्थात किंमत सर्वथा निरुपयोगी आहे असे नव्हे. मोलाची वस्तू नष्ट होऊ न देण्यात मालकाचे हित असते, आणि त्यामुळे चित्र टिकते. पण टिकणे आणि दिसणे यांत अंतर आहे. शिवाय ज्या अभिव्यक्तीला बाजारच नाही तिचे काय? वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेवरील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये प्रकाशकाला, त्याने माफी मागितली असल्याने, मोकळे केले. कवीला मात्र खटल्यास सामोरे जाण्यास सांगितले. कवितेला बोली लागत नाही. तिला फक्त वाचक असतो. म्हणून मुभेची खरी कसोटी विक्रमी किमतीच्या चित्रावर लागत नाही. ती विकत न घेता येणाऱ्या शब्दावर आणि भिंतीवर सर्वांना पाहता येईल अशा रीतीने टांगलेल्या चित्रावर लागते.