उषा दिसली, भूमि दिसली नाहीं

लोकमान्य टिळकांचा ‘दि आर्क्टिक होम इन द वेदाज्’ हा ग्रंथ १९०३ सालीं प्रसिद्ध झाला, आणि ध्रुवप्रदेश मराठी घरांत चर्चेचा विषय झाला. ऋग्वेदांतील उषासूक्तें वाचतांना टिळकांस दिवसेंदिवस रेंगाळणारी पहाट दिसली, व तीवरून आर्यांचें मूलस्थान ध्रुवाजवळ असावें असें त्यांनीं मांडलें. आज संशोधक हा सिद्धान्त स्वीकारीत नाहींत. तें मूलस्थान शेवटच्या हिमयुगापूर्वींच्या सौम्य हवेंत होतें, असें टिळकांचें म्हणणें. परंतु तो उबदार काळ लाखाहून अधिक वर्षांपूर्वींच संपला, असें भूगर्भशास्त्र आतां सांगतें. तथापि सूक्तांतील शब्द आकाशाशीं ताडून पाहण्याची त्या ग्रंथांतील हातोटी अजूनही वाचकाला बांधून ठेवते.

आमचा आक्षेप निराळा आहे. या ग्रंथांत ध्रुवाकडील आकाश भरून राहिलें आहे, पण त्याखालील भूमि जवळजवळ नाहीं. सौम्य काळीं ती आजच्यासारखी नव्हती, हें टिळकांचें उत्तर आम्हांस ठाऊक आहे. पण पुढील मराठी लेखकांनीं तरी तिच्याकडे कोठें पाहिलें? शालेय भूगोलानें ती ‘ओसाड’ या एका शब्दांत उरकली.

टुंड्रा म्हणजे वृक्षरेषेपलीकडील प्रदेश. तेथें हात-दोन हात मातीखालीं जमीन बारमाही गोठलेली असते. उन्हाळ्यांत वरचा थर तेवढा वितळतो; पाणी खालीं मुरत नाहीं, म्हणून पाऊस थोडा असूनही जागोजाग दलदल होते. मुळांना खोली नाहीं, वाऱ्याला आडोसा नाहीं; तेव्हां विलोचें झाड तेथें बोटभर उंचीचें होऊन जमिनीला बिलगतें. बर्फाचें पांघरूण होतें: लेमिंग नांवाचा उंदरासारखा प्राणी त्याखालीं वाटा कोरून हिवाळा काढतो. रेनडियर खुरांनीं तें उकरून जें खातो, तें आपल्या मसाल्यांतील दगडफुलाचें भाऊबंद. एका पतंगाची केसाळ अळी तर दर हिवाळ्यास गोठते, उन्हाळ्यांत पुन्हा खाऊं लागते, आणि कित्येक वर्षांनीं तिला पंख फुटतात.

वर्ध्याच्या वाचकास हें परकें वाटूं नये. वैशाखांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हां बोरच्या जंगलांतला साग पानें टाकून उभा असतो, बेडूक मातींत दडलेला असतो, आणि मृगाची सर येतांच साऱ्यांची एकच धांदल उडते. तिकडे जें थंडी करते, तेंच इकडे ऊन करतें.

याहून जवळचा साक्षीही आहे. हिवाळ्यांत आपल्या तळ्यांच्या चिखलकांठीं छोटा टिलवा उतरतो. चिमणीएवढा हा पक्षी, वजन सुमारें ३० ग्रॅम. जन्म मात्र युरोप-सायबेरियाच्या उत्तर टोंकावरील टुंड्राचा. तेथें न मावळणाऱ्या सूर्याखालीं, डासमाश्यांच्या सुकाळांत, त्याचीं पिलें कांहीं आठवड्यांत उडूं लागतात. ज्या भूमीला आम्ही ओसाड म्हटलें, तिनें पोसलेलें हें पाखरूं आमच्याच तळ्यावर चरतें आहे.

उषेचा ग्रंथ आम्हांस मिळाला; त्या उषेखालच्या भूमीचा ग्रंथ मराठींत अद्याप हवा आहे, आणि तो लवकर हवा. ती गोठलेली जमीन आतां वितळूं लागली आहे. तिच्यांत साठलेला कार्बन हवेंत मिसळत गेला, तर वर्ध्याचा वैशाखही त्यापासून सुटणार नाहीं.