जळालेली जनगणना आणि वयाचे पाठभेद : आयरिश वंशशोधाची एक चिकित्सा

पूर्वजांचा शोध घेणारा माणूस दप्तरखान्यात शिरतो तो एका निश्चित पाठाच्या अपेक्षेने. नाव, गाव, जन्मवर्ष यांची एकच बिनचूक नोंद कुठेतरी असणार, हे त्याने गृहीत धरलेले असते. पाठचिकित्सेत मूळ प्रतीविषयी जी श्रद्धा दीर्घकाळ नांदली, तिचेच हे एक रूप होय. आयर्लंडची कागदपत्रे ही श्रद्धा टिकू देत नाहीत. म्हणूनच त्यांचा विचार समीक्षेच्या कक्षेत येतो.

३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्स येथील सार्वजनिक अभिलेखागार स्फोट व आगीत नष्ट झाले. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांची बहुतांश मूळ पत्रके तेथे जळाली. परंतु सारा दोष आगीवर टाकता येत नाही. १८६१ व १८७१ची पत्रके शासनानेच आधी नष्ट करविली होती. १८८१ व १८९१ची पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेली. बेरीज हाती आली की नावे निरुपयोगी, ही शासनाची वाचनपद्धती त्यातून उघड होते. संपूर्ण देशाची म्हणून उरलेली सर्वांत जुनी पत्रके १९०१ आणि १९११ची.

ही दोन पत्रके शेजारी ठेवली असता अनेक वृद्धांचे वय दहा वर्षांत दहाहून बरेच अधिक वाढलेले दिसते. १९०८च्या कायद्यान्वये जानेवारी १९०९पासून सत्तर वर्षांवरील गरिबांना वार्धक्यवेतन मिळू लागले होते, हे त्याचे एक प्रमुख कारण. वंशशोधक येथे खरे वय ठरवू पाहतो. समीक्षकाचा प्रश्न निराळा आहे : हे वय कोणाला उद्देशून सांगितले गेले? पाठभेद हा येथे लेखनदोष नसून निवेदकाच्या बदललेल्या परिस्थितीची खूण आहे. अर्थात प्रत्येक वाढीव वयात प्रतिकार शोधणेही भाबडेपणाचे. पुष्कळांना आपले वय नेमके ठाऊकच नव्हते.

जन्मांची सार्वत्रिक नागरी नोंदणी १८६४मध्ये सुरू झालेली असल्याने या वृद्धांपाशी जन्मदाखला असणे शक्य नव्हते. मग वयाच्या पुराव्यासाठी १८४१ व १८५१ची पत्रके धुंडाळली जात. अर्जदार आईवडिलांची नावे व आपले गावशिवार सांगे. कर्मचारी शोधाचा निकाल अर्जावर नोंदवी. पुढे पत्रके जळाली, शोधअर्ज मात्र मोठ्या संख्येने उरले. मूळ ग्रंथ लुप्त व्हावा आणि नंतरच्या टीकेतील उद्धरणांतून त्याचे काही अंश उरावेत, तसे हे घडले.

देरिदा यांनी १९९५च्या आपल्या अभिलेखविषयक ग्रंथात अभिलेखागाराचे मूळ सत्ताधीशाच्या निवासस्थानात शोधले आहे. आयरिश उदाहरण त्या प्रतिपादनाला एक पुरवणी जोडते. सत्तेच्या दारी आलेल्या याचकाची स्मृतीही दप्तर घडविते. ज्या अर्जावर ‘आढळले नाही’ असा शेरा पडला, त्यावरही एका वृद्धेने उच्चारलेले आईचे नाव शाबूत आहे. शासनाने तो दावा पडताळला आणि अमान्य केला. तरी तो नोंदविल्यावाचून त्याला नाकारता आले नाही. वंशशोधाने मूळ पाठाचा हट्ट सोडून अशा नाकारलेल्या साक्षींचे वाचन आरंभिले, तरच त्याला इतिहासाचे मोल येईल.