रेडिओहेडच्या ‘किड ए’मधील मानवी आवाज : एक चिकित्सा

इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यात 1985 मध्ये स्थापन झालेल्या रेडिओहेड या रॉक संगीतसमूहाने ‘ओके कॉम्प्युटर’ (1997) या अल्बममधून यंत्रयुगातील माणसाचे एकाकीपण प्रभावीपणे मांडले. तेथे हा आशय मुख्यतः शब्द आणि गिटारवादन यांतून व्यक्त होतो. ‘किड ए’ (2000) मध्ये मात्र तो ध्वनिरचनेतच उतरलेला दिसतो. आरंभीच्या गीतात गायक टॉम यॉर्कचा आवाज तुकड्यातुकड्यांनी विखुरतो; शीर्षकगीतात तो यंत्रप्रक्रियेमुळे जवळजवळ ओळखू येत नाही. ‘ट्रीफिंगर्स’मध्ये तर शब्दच नाहीत आणि गिटारही आपले मूळ रूप हरवून बसते.

या प्रयोगावर दुर्बोधतेचा व भावशून्यतेचा आक्षेप घेतला गेला. तथापि तो पूर्णतः ग्राह्य वाटत नाही. ‘हाऊ टू डिसअपिअर कम्प्लीटली’मध्ये यॉर्कचा नैसर्गिक आवाज तंतुवाद्यांच्या साथीने येतो, तेव्हा आधीच्या गीतांतील विरूपतेमुळेच तो अधिक आर्त भासतो. म्हणजेच येथे यंत्र भावनेचा लोप करीत नाही, तर त्या लोपाचे भय श्रवणगोचर करते. केवळ शब्दार्थावर विसंबणारी गीतसमीक्षा अशा रचनांपुढे अपुरी पडते. कारण येथे ध्वनी हीच संहिता आहे.