चामड्याचा छंद : कुणाचा आणि कुणाच्या जिवावर?

आपल्या साहित्यात मेलेलं ढोर आहे. त्याचा वास आहे, ते ओढताना सोललेले खांदे आहेत. 1978 साली 'बलुतं' आलं आणि महारकी म्हणजे काय असते ते पांढरपेशा वाचकापुढं उघडं पडलं. हिंदीत ओमप्रकाश वाल्मीकींच्या 'जूठन'मध्ये (1997) शाळेत जाणाऱ्या पोराला मेलेल्या बैलाचं कातडं काढायला जावं लागतं. हे सगळं लिहिणं गरजेचंच होतं. पण त्या कातड्याची मोट शिवणारा हात, त्या हाताची अक्कल आपल्या लिहिण्यात कुठंय? हा सवाल मी समीक्षकाच्या खुर्चीतून विचारत नाही. दीड वर्षापासून मी स्वतः कातडं शिवतो, म्हणून विचारतो.

मी झरी जामणीचा. कापसाचा मुलूख, खाली पैनगंगा, पलीकडं आदिलाबाद. आमचा आजा गावची मेलेली ढोरं ओढायचा. 1927 ला महाडात बाबासाहेबांनी मृतमांस सोडा, असली कामं सोडा म्हणून सांगितलं होतं. ते आमच्या गावापर्यंत पोचायला वेळ लागला. 1956 च्या ऑक्टोबरात आजा नागपूरला गेला, दीक्षा घेऊन आला आणि ढोर ओढायचा दोर त्यानं चुलीत घातला. त्यानंतर आमच्या घरात कातड्याला कुणी हात लावला नाही.

मी लावला. नागपुरातून तुकड्यांची एक पिशवी आणली आणि मोबाईलवर बघून बघून शिवायला लागलो. छंद म्हणून. माय दारात उभी राहून म्हणाली, "आज्यानं टाकलेलं तू काहून उचललं रे?"

मला उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराची खटपट आहे.

पहिले सहा महिने निव्वळ नासधूस. भोकं एका ओळीत यावीत म्हणून जेवणाच्या काट्यानं खुणा करायचो, तरी टाका वाकडाच. दोन सुयांचा टाका शिकलो. एकाच धाग्याच्या दोन टोकांना दोन सुया, दोन्ही एकाच भोकातून आमनेसामने जातात. एका बाजूचा धागा तुटला तरी दुसरी बाजू धरून ठेवते. मशीनची शिलाई एकदा तुटली की उसवत जाते. सालीत कमावलेलं कातडं ओलं करून ठसा मारला की ठसा बसतो, क्रोममध्ये कमावलेल्यावर तो तसा टिकत नाही, हेही कळलं. एवढ्यावर मी स्वतःला कारागीर समजायला लागलो होतो.

मग एक पट्टा केला. महिनाभरात तो चार बोटं लांबला. स्टँडजवळ बसणाऱ्या चांभारकाकांना दाखवला. त्यांनी नुसता अंगठा फिरवला न म्हणाले, "हे पोटाचं हाय. पोटाचं ताणते. पट्ट्याले पाठीचं लागते." मग एका जागी बोट ठेवून म्हणाले, "इथं ढोरानं मार खाल्ला व्हता." मला त्या जागी एक डाग दिसत होता. त्यांना ढोराचं अख्खं आयुष्य दिसत होतं. मी म्हटलं, काका, मला शिकवता का? ते हसले. "तुमचा हा छंद, माहा धंदा. तुमी उद्या सोडसान. मी सोडला त खाईन काय?" त्यांनी आपल्या पोराच्या हातात आरी दिलेली नाही. पोरगा वणीला शिकतो.

मित्रहो, माझ्या मते सगळी समीक्षा काकांच्या या एका वाक्यात आहे. जे खाली ठेवता येतं त्याला छंद म्हणावं. ज्याला खाली ठेवायची मुभा नाही, त्याच्या हातातलं तेच काम जात होऊन बसतं. हत्यार तेच, वासही तोच.

ही कसोटी मोठमोठ्यांना लावून बघा. गांधींनी आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर चपला करायचं शिकून घेतलं. कॅलनबाख एका ख्रिस्ती मठातून शिकून आला, त्याच्याकडून गांधी शिकले. एक जोड जनरल स्मट्सला दिला, त्याची गोष्ट जगभर सांगतात. इकडं कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी, म्हणजे एका शिकलेल्या ब्राह्मणानं, मेलेली ढोरं सोलली, कणकवलीला गोपुरी आश्रम काढला. त्यांच्या प्रामाणिकपणावर मी शंका घेत नाही. घाणीत हात घालायला छाती लागते. पण हिशेब बघा. चामड्याला हात लावून कुणी महात्मा झाला, कुणी कोकणचा गांधी झाला. आमचा आजा तेच काम करून अस्पृश्यच राहिला. म्हणून 'श्रम पवित्र आहे' असं कुणी आपल्याला सांगितलं की सावध व्हा. हलक्या कामाचे गोडवे गाऊन अस्पृश्याला त्याच कामात ठेवण्याचा डाव बाबासाहेबांनी 1945 सालीच काँग्रेस आणि गांधींवरच्या पुस्तकात उघडा केला आहे.

आता बाजार बघा. जून 2025 मध्ये मिलानला प्राडा कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला मिरवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. 2019 सालीच या चपलेला महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालेलं होतं. ओरड झाली, मग कंपनीनं मूळ कबूल केलं, आणि डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. आपले वर्तमानपत्रवाले 'आपली संस्कृती' म्हणून छाती बडवत होते. चप्पल संस्कृतीत आली. ती शिवणारा चांभार आणि तिचं कातडं कमावणारा ढोर कधी येणार? आणि याच देशात जुलै 2016 मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या पोरांना गाडीला बांधून फोडून काढलं. काम करायला लावायचं आणि केलं म्हणून मारायचं.

आता पुन्हा आपल्या साहित्याकडं येतो. लाज लिहिली, चीड लिहिली, नकार लिहिला. कसब मात्र लिहायचं राहिलं. का राहिलं ते मला कळतं. कसब लिहिलं की कुणीतरी म्हणणार, बघा, किती सुंदर कला, सोडता कशाला! ही भीती खरी आहे. पण त्या भीतीपायी रापी, आरी, फरमा, बाभळीची साल, हिरडा, चुना हे शब्द आपल्या कागदावरून जात असतील, तर उद्या कुणीतरी परका येऊन त्यांचा शोध लावील आणि आपल्यालाच शिकवायला बसेल. आणखी एक. ढोर ओढणारा महार, कातडं कमावणारा ढोर, शिवणारा चांभार. एकाच कातड्यावर तीन जाती एकमेकींपासून तोडून बसवल्या. ही श्रेणीबद्ध विषमता मला पुस्तकात समजली होती. काकांच्या समोर जमिनीवर बसलो तेव्हा ती मांडीला टोचली.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. सक्ती जाळायची, अक्कल जाळायची नाही. आजानं दोर जाळला तो बरोबरच होता. तो जाळला म्हणून आज मला कातडं हाती घेता येतं आणि खाली ठेवता येतं. कार्यकर्त्या मित्रांनो, आपापल्या गावातल्या म्हाताऱ्या चांभाराकडं, ढोराकडं, मादग्याकडं जा. त्यांची हत्यारं, त्यांचे शब्द, त्यांना मिळालेली मजुरी आणि न मिळालेली मजुरी, सगळं लिहून घ्या. मजुरीशिवाय नुसती कला लिहाल तर ते भद्र वाङ्मय होईल.

शेवटचं. घरातल्या धम्माच्या पुस्तकाला मी कातड्याचं वेष्टन शिवलं. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम. माय म्हणाली, "त्या पुस्तकाले कातडं नको." मी वाद घातला नाही. वेष्टन रिकामंच फळीवर ठेवलं आहे. शिवायचा हक्क मला आज्यानं मिळवून दिला. नको म्हणायचा हक्कही त्यानंच मिळवला होता, आणि तो मायचा आहे.

जय भीम.