तिसऱ्या अंकातली क्षमा

डॅनी बॉईल यांच्या ‘स्टीव्ह जॉब्ज’ (२०१५) या चित्रपटाची पटकथा आरन सॉर्किन यांनी वॉल्टर आयझॅकसन यांच्या चरित्रग्रंथावरून लिहिली. मात्र चरित्रपटाचा जन्म ते मृत्यू हा ठरलेला क्रम त्यांनी मोडला. १९८४चा मॅकिंटॉश, १९८८चा नेक्स्ट आणि १९९८चा आयमॅक, अशी तीन अनावरणे आणि त्यांच्या आधीची विंगेतली धावपळ एवढाच पट. मराठी प्रेक्षकाला हे रूप परके नाही; हे सरळसरळ तीन अंकी नाटक आहे. बॉईल यांनी अंकागणिक माध्यमही बदलले : १६ मिमी, ३५ मिमी, मग डिजिटल. प्रत्यक्ष भाषण मात्र एकदाही पुरते दाखवले नाही. माणूस ओळखायचा तो विंगेत, हे त्यांचे म्हणणे मला पटते.

माझी तक्रार तिसऱ्या अंकाबद्दल आहे.

मुलगी लिसा १९७८ साली जन्मली. जॉब्ज यांनी पितृत्व नाकारले. रक्ततपासणीनंतरही, अमेरिकेतले २८ टक्के पुरुष तिचे वडील असू शकतील, असे त्यांचे विधान १९८३मध्ये ‘टाइम’ने छापले. त्याच वर्षी बाजारात आलेल्या संगणकाचे नाव होते ‘लिसा’! चित्रपटाच्या पहिल्या अंकात ते नाव म्हणजे निव्वळ आद्याक्षरे, असे बाप पाच वर्षांच्या पोरीला सांगतो. १९९८च्या अंकात मात्र गच्चीवर कबुली देतो : नाव तुझेच होते. मग टाळ्या, प्रकाश, समेट.

मी चित्रपट पाहिला तेव्हा डोळे पुसले होते. २०१८मध्ये लिसा ब्रेनन-जॉब्ज यांचे ‘स्मॉल फ्राय’ आले, ते वाचल्यावर माझेच अश्रू मला खटकू लागले. त्या लिहितात की ही कबुली त्यांना सत्ताविसाव्या वर्षी मिळाली, आणि तीही गायक बोनो यांनी त्यांच्या घरी सहज विचारले म्हणून. वडिलांनी जे लेकीला सांगितले नाही, ते यजमानाला सांगितले. शेवटच्या आजारपणात त्यांनी लेकीची माफी मागितली, हेही पुस्तकात आहे. म्हणजे क्षमा आली. पण उशिरा, अडखळत, आणि कोणत्याही अनावरणाचा मुहूर्त न साधता.

आपण छायाचित्र नव्हे, चित्र काढले आहे, अशी सॉर्किन यांची भूमिका होती. ती मला मान्य आहे. पण चित्रात उजेड कुठे पाडायचा, हे चित्रकारच ठरवतो. इथे तो उजेड नायकावर पडला, आणि लेकीची कित्येक वर्षांची वाट पाहणे अंधारात राहिले. सहसंस्थापक वॉझ्नियॅक ॲपल-टूच्या चमूचा साधा उल्लेख करा म्हणून पहिल्या आणि तिसऱ्या अंकात विनवतात. त्यांना शेवटपर्यंत नकारच मिळतो. तो नकार दाखवण्याचे धैर्य ज्या पटकथेत आहे, तिने लेकीच्या बाबतीत घाई का करावी?

प्रतिभावंताचे दोष दाखवले म्हणजे चरित्रपट प्रामाणिक झाला, असे आपण समजतो. मला आता वाटते, खरी कसोटी पुढे आहे : ज्याचे देणे बाकी आहे, त्याच्या वतीने लेखकाने परस्पर पावती फाडू नये.